‘काढून टाका’ आणि ‘अनइंस्टॉल करा’: आयकॉन गेला म्हणजे ॲप गेलं का?

गेल्या दिवाळीत घर आवरून झाल्यावर आईने फोनही आवरायला घेतला. होम स्क्रीनची पाच पानं भरली होती. बँकेचं ॲप भलत्याच पानावर जाऊन बसलं होतं, म्हणून तिने आयकॉनवर बोट दाबून धरलं. दोन पर्याय दिसले: ‘काढून टाका’ आणि ‘अनइंस्टॉल करा’. ‘काढून टाका’ वाचून ती दचकली. काढून टाकलं म्हणजे गेलंच की! दुसरा शब्द अनोळखी होता, त्यामुळे तो सौम्य असेल असं तिने धरलं आणि तोच दाबला. आठवड्याने दूधवाल्याचे पैसे द्यायला बसली, तर ॲप कुठेच नाही. पुन्हा घेतलं, तर बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एसएमएस जायला हवा, आणि ते सिम कपाटातल्या जुन्या फोनमध्ये. सगळी दुपार त्यात गेली.

चूक आईची नव्हती, असं मला मनापासून वाटतं. मराठीत ‘काढून टाकणं’ हा फार जोरकस शब्द आहे. नोकरीवरून काढून टाकतात, झाड मुळासकट काढून टाकतात. फोनमध्ये मात्र हाच पर्याय निरुपद्रवी आहे, आणि परका वाटणारा ‘अनइंस्टॉल’ खरा घाव घालतो.

होम स्क्रीनवरचा आयकॉन म्हणजे ॲप नव्हे. ती नुसती दारावरची पाटी आहे. ॲप फोनच्या स्टोरेजमध्ये असतं. ‘काढून टाका’ केलं की पाटी उतरते, बिऱ्हाड जागच्या जागी राहतं. बहुतेक अँड्रॉइड फोनवर खालून वर बोट सरकवलं की सगळ्या ॲप्सची यादी उघडते, तिला ॲप ड्रॉवर म्हणतात. काढून टाकलेलं ॲप तिथे सापडतं. त्यावर बोट दाबून धरून ओढलं की आयकॉन पुन्हा होम स्क्रीनवर. लॉगिन, पिन, सेटिंग, काहीही बदललेलं नसतं.

अँड्रॉइडवर ही सोय 2008 च्या पहिल्या फोनपासून आहे. आयफोनची गोष्ट वेगळी. 2007 पासून पुढची 13 वर्षं तिथे प्रत्येक ॲप होम स्क्रीनवरच राहायचं. आयकॉन काढायचा तर ॲपच काढावं लागे, फार तर फोल्डरमध्ये दडवता येई. 2020 मध्ये आयओएस 14 या आयफोनच्या नव्या प्रणालीसोबत ॲप लायब्ररी, म्हणजे सगळ्या ॲप्सची वेगळी यादी, आली आणि आयफोनवाल्यांसमोरही हाच प्रश्न उभा राहिला. तिथे आयकॉन दाबून धरून ‘रिमूव्ह ॲप’ निवडलं की पुढे ‘डिलीट ॲप’ आणि ‘रिमूव्ह फ्रॉम होम स्क्रीन’ असे दोन पर्याय येतात. फक्त आवरायचं असेल तर दुसरा. ॲप मग शेवटच्या पानापलीकडच्या लायब्ररीत सापडतं.

काही अँड्रॉइड फोनवर मात्र ड्रॉवर बंद असतो. शाओमीच्या अनेक फोनवर सुरुवातीपासूनच सगळी ॲप्स होम स्क्रीनवर मांडलेली असतात, आणि सॅमसंगमध्येही ‘फक्त होम स्क्रीन’ अशी मांडणी निवडता येते. अशा फोनवर नुसता आयकॉन उतरवायची सोयच नसते, समोर येतो तो थेट अनइंस्टॉल. म्हणून आवराआवर सुरू करण्याआधी होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन ड्रॉवर चालू आहे की नाही ते बघा. हे एक काम केलंत तरी निम्मे घोळ टळतात.

आता उलट बाजूची गफलत. माझ्या माहितीतल्या बऱ्याच लोकांनी कर्ज देणारी, खरेदीची, गेमची ॲप्स ‘काढून टाकलेली’ असतात आणि तरी नोटिफिकेशन येत राहतात म्हणून ते हैराण असतात. येणारच. आयकॉन उतरवल्याने ॲपला काहीच कळत नाही. जागा व्यापलेली राहते, अपडेट येत राहतात, संपर्क, लोकेशन, मायक्रोफोन यांच्या दिलेल्या परवानग्याही तशाच असतात. अँड्रॉइड 11 पासून काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. नको असलेलं ॲप, विशेषतः संपर्कयादी मागणारं, अनइंस्टॉलच करायला हवं.

‘स्टोरेज फुल’ची तक्रारही इथलीच. पन्नास आयकॉन उतरवले तरी जागा रिकामी होत नाही. खरं तर पुष्कळदा जागा खाल्लेली असते ती ग्रुपवर आलेल्या व्हिडिओंनी, ॲप्सनी नव्हे.

अनइंस्टॉल केल्यावर ॲप जातं आणि त्याने फोनमध्ये स्वतःपुरती साठवलेली माहितीही जाते. व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतलेला नसेल तर जुनी संभाषणं हाती लागत नाहीत. सगळ्यात जपायचं ते दोन टप्प्यांच्या लॉगिनसाठी कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर. त्यातली खाती दुसरीकडे नेलेली किंवा सिंक केलेली, म्हणजे ऑनलाइन साठवलेली, नसतील, तर ते अनइंस्टॉल करणं म्हणजे स्वतःच्याच ईमेलला बाहेरून कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकणं. आयकॉन नकोसा वाटला तर उतरवा, ॲपला हात लावू नका.

आणि अनइंस्टॉलनेही काही गोष्टी जात नाहीत. त्या कंपनीकडचं तुमचं खातं तसंच राहतं. प्ले स्टोअरमधून घेतलेली वर्गणी चालू राहते, ती तिथल्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन वेगळी बंद करावी लागते. यूपीआय ऑटोपेचंही तेच. ॲप फोनवर नसलं तरी ठरल्या तारखेला खात्यातून पैसे जातात. आधी वर्गणी आणि ऑटोपे रद्द, मग खातं बंद करायची विनंती, आणि सगळ्यात शेवटी अनइंस्टॉल. हा क्रम उलटा झाला तर खातं बंद करायला तेच ॲप पुन्हा घ्यावं लागू शकतं.

आयकॉन उतरवणं आणि अनइंस्टॉल यांच्या मधलीही एक वाट आहे. आयफोनवर 2017 पासून ‘ऑफलोड’ करता येतं, आणि 2024 च्या अँड्रॉइड 15 मध्ये ‘आर्काइव्ह’ आलं. दोन्हींत ॲप जातं, तुमची माहिती राहते, आणि आयकॉनवर ढगाची खूण दिसते. वर्षातून दोनदा लागणाऱ्या प्रवासाच्या ॲपसाठी हे उत्तम. फोनसोबत आलेली काही ॲप्स अनइंस्टॉल होतच नाहीत, त्यांच्यासाठी ‘बंद करा’ म्हणजे डिसेबल असतं.

मी स्वतः घरच्यांचे फोन आवरताना पहिल्या दिवशी काहीही अनइंस्टॉल करत नाही. रोज लागणारे सात-आठ आयकॉन ठेवून बाकीचे उतरवते. महिनाभर कोणी विचारलंच नाही, तर त्या ॲपची वर्गणी, खातं, बॅकअप बघून मग अनइंस्टॉल. सोबत एक स्विच बंद करते: नवं ॲप घेतलं की त्याचा आयकॉन आपोआप होम स्क्रीनवर येतो तो. पिक्सेलसारख्या फोनवर रिकाम्या जागी बोट दाबून होम सेटिंगमध्ये तो सापडतो. आयफोनवर नवी ॲप्स फक्त लायब्ररीत जातील असं सेटिंगमध्ये ठरवता येतं.

आईच्या फोनवर आता एकच पान आहे. फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा, बँक, पंचांग, आणि खाली नातीच्या फोटोंचं मोठं विजेट. तिचा फोन सॅमसंगचा, त्यात होम स्क्रीनची मांडणी लॉक करायची सोय आहे, ती चालू केली. आता बोट चुकून दाबलं गेलं तरी आयकॉन हलत नाही. आणि ते जुनं सिमही कपाटातून काढून याच फोनमध्ये बसवलंय.