‘शिवा’तली चेन आणि बेजवाड्याची कॉलेजं

सायकलची चेन हिसका देऊन तुटत नाही. कोणत्याही सायकल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बघा. मेस्त्री आधी सोयीची कडी शोधतो, पिनेवर बोथट खिळा टेकवतो, हातोडीचे दोन-चार ठोके घालतो, तेव्हा कुठे ती सुटते. वंगणाने हात कोपरापर्यंत काळे होतात ते वेगळंच. पण ५ ऑक्टोबर १९८९ ला प्रदर्शित झालेल्या तेलुगू ‘शिवा’त कॉलेजच्या आवारात घेरला गेलेला नागार्जुन शेजारच्या सायकलची चेन एका झटक्यात उपटतो, मुठीला गुंडाळतो आणि जेडी नावाच्या दादाला बडवून काढतो. थिएटरात कुणालाही मेस्त्री आठवला नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हा सिनेमा नव्या आवाजासह पुन्हा थिएटरात आला. त्यानिमित्ताने स्टेडीकॅम (अंगावर बांधून धावतानाही न हलणारा कॅमेरा), इळैयाराजांचं संगीत, रघुवरनचा थंड खलनायक यांच्यावर भरपूर लिहून झालंय. मला त्या चेनच्या मागे जायचंय. ती दिग्दर्शक रामगोपाल वर्माच्या डोक्यातून आली खरी, पण डोक्यात कुठून आली त्याचा पत्ता हैदराबादचा नाही. तो विजयवाड्याचा आहे.

विजयवाडा, जुन्या लोकांच्या तोंडी बेजवाडा. कृष्णेच्या काठी, डोंगरावर कनकदुर्गा, खाली प्रकाशम बॅरेज, गावातून जाणारे कालवे. मद्रासकडून येणारी आणि कलकत्त्याकडे, हैदराबादकडे जाणारी गाडी इथूनच जाते, म्हणून स्टेशन प्रचंड. आजूबाजूच्या डेल्टात भात पिकतो, त्याचा पैसा शहरात येतो. त्या पैशावर दोन धंदे फोफावले: वाहतूक आणि सिनेमा. ऑटोनगरमध्ये ट्रकच्या बॉड्या बांधल्या जातात, तर गांधीनगरात चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या. तिसरा धंदा शिक्षणाचा, तो थोडा नंतर आला. जिथे ट्रक, टॅक्सी, रिक्षा आणि हमाल आहेत तिथे युनियन असते, आणि युनियन कुणाची हा प्रश्न असतो. तो प्रश्न मतपेटीपेक्षा स्टँडवर सुटायचा.

साठीच्या दशकात या कामगारवस्त्यांवर कम्युनिस्ट पक्षाची पकड होती आणि चलसानी वेंकटरत्नम हे तिथलं मोठं नाव. त्यांच्याच हाताखाली वंगवीटी राधा नावाचा तरुण पुढे आला आणि पुढे त्यांच्यापासून फुटला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वेंकटरत्नम यांचा खून झाला. १९७४ मध्ये राधाचा झाला. राधाची गादी धाकटा भाऊ मोहन रंगा याच्याकडे आली. इथवरची गोष्ट कामगार संघटनांची आहे, कॉलेजचा संबंध नाही.

तो संबंध आला देविनेनी भावांमुळे. गांधी, नेहरू आणि मुरली अशी या भावांची नावं. आईबापांनी स्वातंत्र्यलढ्याच्या कौतुकाने ठेवलेली असणार. हे आधी वंगवीटींच्याच गोटात होते, मग फाटलं. आणि फाटलं ते विद्यार्थ्यांमध्ये. एका बाजूला वंगवीटींची ‘युनायटेड इंडिपेंडन्ट्स’, दुसऱ्या बाजूला देविनेनींची ‘युनायटेड स्टुडन्ट्स ऑर्गनायझेशन’, म्हणजे यूएसओ. दोन्ही नावांत ‘युनायटेड’ आहे, हे बेजवाड्याचे लोक अजून हसत सांगतात.

गुंडाला कॉलेज कशाला लागतं? कारण साधं आहे. बंद पुकारला तर दुकानांची शटरं खाली ओढायला दोनशे पोरं लागतात, तीही सकाळी नऊच्या आत. स्टँडवरच्या माणसाची त्या दिवसाची रोजी बुडते, कॉलेजच्या पोराचा फक्त तास बुडतो. शिवाय पोलीस विद्यार्थ्यावर हात टाकताना दोनदा विचार करतात. पोराला बदल्यात काय मिळतं? युनियनच्या खोलीची चावी, कँटीनमध्ये उधारी, मागच्या बाकावरून पुढच्या जीपमध्ये जागा. चार वर्षांनी पदवी मिळो न मिळो, ओळख झालेली असते. त्यामुळे कॉलेज युनियनच्या अध्यक्षपदाची निवडणूक ही बाहेरच्या दोन माणसांची निवडणूक व्हायची. ‘शिवा’त जेडी अध्यक्ष आहे आणि त्याच्या मागे शहरातला गुंड भवानी (रघुवरन) आहे, ही मांडणी इतकी सरळ दिसते ती यामुळे.

आंध्रातल्या कॉलेजच्या हिंसेला एक दुसरी धारही होती, ती विसरून चालणार नाही. १४ एप्रिल १९७२ ला हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात जॉर्ज रेड्डी या विद्यार्थी नेत्याचा भोसकून खून झाला. भौतिकशास्त्राचा सुवर्णपदक मिळवलेला पंचविशीतला डावा कार्यकर्ता. त्या भांडणाला विचारांची बाजू होती. त्यातून पुढे डाव्या विद्यार्थी संघटना उभ्या राहिल्या, कित्येक जण नक्षल चळवळीत गेले. विजयवाड्यात तसं काही नव्हतं. तिथे पोस्टरवर मार्क्स नव्हता, फक्त नेत्याचा फोटो होता. ‘शिवा’ची गोष्ट हैदराबादेत घडते, पण तिच्यातल्या एकाही पोराला राजकीय मत नाही. शहर हैदराबादचं, स्वभाव बेजवाड्याचा.

या स्वभावाला तिथे शब्द आहे: रौडीइझम. रायलसीमेत गावागावांतल्या वैरांना ‘फॅक्शन’ म्हणतात, तिथे बॉम्ब आणि जमिनी असतात. किनारपट्टीच्या शहरांत ‘रौडी’ असतो. तो गल्लीचा, स्टँडचा, कॉलेजचा. पोलीस ठाण्यात त्याच्या नावाची ‘रौडी शीट’ उघडली जाते. आपल्याकडे हिस्ट्रीशीटर आणि तडीपार हे शब्द जसे बातम्यांतून घरात आले, तसाच हा शब्द तिकडे रोजच्या बोलण्यात आला.

रामगोपाल वर्मा याच काळात विजयवाड्यात शिकत होता. कानूरूचं सिद्धार्थ इंजिनिअरिंग कॉलेज, शाखा सिव्हिल. अभ्यासात लक्ष कमी, सिनेमात जास्त, आणि आजूबाजूला हे सगळं. १९७९ मध्ये देविनेनी गांधींचा खून झाला, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. कोण कुणाच्या गटात, कुणाला कुठे गाठलं, कोण कुणाचं नाव घेऊन बिल देत नाही, हे कुणालाही कँटीनमध्ये बसून कळत होतं. ‘शिवा’त आपण कॉलेजात पाहिलेलं आहे, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं.

पण फक्त पाहिलेलं पुरत नाही. पदवीनंतर हैदराबादेत एका मोठ्या हॉटेलच्या बांधकामावर साइट इंजिनिअर, मग नोकरी सोडून अमीरपेटला व्हिडिओ कॅसेटचं दुकान, मग दोन तेलुगू सिनेमांवर सहायक. वडील अन्नपूर्णा स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते, त्यामुळे दार किलकिलं होतं. गोष्टीचा सांगाडा त्याने दुकानातल्या कॅसेटमधून उचलला, आणि हे तो लपवतही नाही. ब्रूस लीच्या एका सिनेमात गुंड रोममधल्या चिनी हॉटेलला छळतात आणि बाहेरून आलेला पोरगा त्यांना पुरून उरतो. वर्माने हॉटेल काढून तिथे कॉलेज ठेवलं. सांगाडा हाँगकाँगचा, मांस बेजवाड्याचं. निर्माते अक्किनेनी वेंकट आणि यार्लगड्डा सुरेंद्र. एकही सिनेमा न केलेल्या २६ वर्षांच्या मुलावर नागार्जुनने विश्वास टाकला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दरम्यान विजयवाड्यात जे चाललं होतं ते सिनेमापेक्षा कितीतरी पुढे गेलं होतं. मार्च १९८२ मध्ये एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसम पक्ष काढला आणि नऊ महिन्यांत सत्ता घेतली. देविनेनी नेहरू तेलुगू देसमकडून १९८३ मध्ये आमदार झाले, मोहन रंगा काँग्रेसकडून १९८५ मध्ये. स्टँडवरचं भांडण विधानसभेत गेलं आणि जाताना जातीचा रंग घेऊन गेलं: रंगा कापू, देविनेनी कम्मा. जातीचं गणित सांगायला सोपं आहे म्हणून सगळे तेच सांगतात, पण हे दोघे एके काळी एकाच गटात होते आणि रंगांच्या पत्नी रत्नकुमारी स्वतः कम्मा घरातल्या. रेघ आधी नव्हती, ती ओढली गेली.

१९८८ मध्ये देविनेनी मुरली मारला गेला. त्याच वर्षी २६ डिसेंबरच्या पहाटे, विजयवाड्यात उपोषणाला बसलेल्या आमदार रंगांची मंडपातच हत्या झाली. किनारपट्टीच्या जिल्ह्यांत दंगली उसळल्या, दुकानं आणि वाहनं जाळली गेली, कित्येक माणसं मेली, विजयवाड्यात दीर्घकाळ संचारबंदी राहिली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत तेलुगू देसमची सत्ता गेली आणि रत्नकुमारी पतीच्या जागेवर निवडून आल्या.

हत्या आणि निवडणूक या दोहोंच्या मधल्या दहा-अकरा महिन्यांत ‘शिवा’चं चित्रीकरण झालं आणि तो प्रदर्शितही झाला. हे नुसतं वेळापत्रक नाही. प्रेक्षक थिएटरात शिरले तेव्हा संचारबंदीची आठवण ताजी होती. आणि पडद्यावर काय? नेता माचीराजू (कोटा श्रीनिवास राव) आपल्या कामासाठी भवानीला पोसतो, आणि भवानी घसरायला लागला की अलगद हात काढून घेतो. भवानी ओरडत नाही. रघुवरन खालच्या आवाजात, जणू दुसरंच काहीतरी आठवत असल्यासारखा बोलतो. तोवरचा तेलुगू खलनायक गडगडाटी हसायचा. मराठी प्रेक्षकाला इथे ‘अर्धसत्य’मधला सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आठवेल. तोही बसल्या जागेवरून, आवाज न चढवता माणसं संपवायचा.

मारामारीही बदलली. शिवा पुतणीला सायकलवर बसवून चाललाय आणि मागे गुंड लागलेत, तो पाठलाग पाहा. वेगापेक्षा भीती तिथे लहान मुलीच्या चेहऱ्यामुळे येते. चेन हवेत फिरते तेव्हा वाद्यमेळ थांबतो, नुसता धातूचा आवाज येतो. ज्याचे वडील ध्वनिमुद्रक, त्याला शांततेची किंमत कळत होती असं म्हणायचा मोह होतो, पण ते माझं लाडकं मत समजा. गीतकार सिरिवेन्नेला सीतारामशास्त्रींचं बॉटनीच्या तासाला दांडी मारून मॅटिनीला जाण्याचं गाणं याच सिनेमातलं. त्या गाण्यातली पोरं आणि चेनने मार खाणारी पोरं एकाच वर्गातली आहेत. मला तरी सिनेमाचा खरा दचका तिथे बसतो.

पण ‘शिवा’त जात नाही. पक्ष नाही. युनायटेड-बिनायटेड कुठलंही नाव नाही. भवानी कुठल्या घरातला, शिवा कुठल्या, हे कळत नाही. त्या वर्षी आंध्रात कुणाचंही आडनाव उच्चारलं तरी अर्धं थिएटर एका बाजूला गेलं असतं. नावं गाळल्यामुळे सिनेमा वाचला आणि फिरलाही: तमिळमध्ये ‘उदयम’ म्हणून डब झाला, १९९० मध्ये वर्मानेच नागार्जुनला घेऊन तो हिंदीत केला. लखनौच्या पोराला ते आपलं कॉलेज वाटलं आणि कोल्हापूरच्याही. मात्र त्याबरोबर कारणही गळालं. पडद्यावर उरला एक वाईट माणूस आणि एक चिडलेला पोरगा. रंगांच्या शहरात प्रश्न इतका सोपा कधीच नव्हता. तिथे दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत आपल्या माणसाला देव मानणारे होते आणि रंगांचे पुतळे आजही किनारपट्टीच्या गावागावांत आहेत.

आंध्रातल्या कॉलेज निवडणुका त्याच सुमाराला बंद पडल्या. आपल्याकडचं वर्षही तेच: १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात थेट मतदानाऐवजी गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. वर्ग प्रतिनिधी म्हणजे पहिला नंबर, हे ज्यांनी अनुभवलं त्यांना त्यामागची ही गोष्ट क्वचितच कुणी सांगितली असेल.

वर्मा पुढे मुंबईत आला. चेनचा मार खाल्लेला जेडी चक्रवर्ती १९९८ मध्ये त्याच्याच ‘सत्या’चा नायक झाला आणि शेजारी भिकू म्हात्रे उभा राहिला. तिथे मात्र माणसाला आडनाव होतं, चाळ होती, बायकोशी भांडण होतं. ‘शिवा’त जे गाळलं ते ‘सत्या’त भरलं, असं मला वाटतं, फक्त शहर बदललेलं.

बेजवाड्याकडे तो परतला २०१६ मध्ये. ‘वंगवीटी’ या नावानेच सिनेमा, आणि त्यात राधा, रंगा, देविनेनी, यूएसओ, सगळी नावं जशीच्या तशी. रंगांच्या मुलाने हरकत घेतली, प्रकरण हायकोर्टात गेलं. भवानी आणि माचीराजूला नातेवाईक नव्हते.