गॉगल कुणाचा? सामाईक गाळ्यातल्या सुरक्षासाधनांची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत एका पत्र्याच्या शेडखाली दोन-तीन धंदे चालणं नवं नाही. पुढं लेथवाला, मागं वेल्डिंगवाला, कोपऱ्यात ग्राइंडरवर कास्टिंगचं फेटलिंग, म्हणजे ओतीव तुकड्याच्या खरबरीत कडा घासणं. भाडं वाटून, लाइटबिल वाटून, चहासुद्धा वाटून. भिंतीवरच्या खिळ्याला एक गॉगल लटकलेला असतो. त्याच्या काचा इतक्या ओरखडलेल्या, की घातला तर काम दिसत नाही आणि काढला तर डोळ्याची खात्री नाही. तो कुणाचा, असं विचारलं की लेथवाला वेल्डरकडं बघतो आणि वेल्डर ग्राइंडरकडं. "त्याचाच असेल की!"

हा प्रश्न त्या गाळ्यापुरता नाही. कामाच्या जागी डोळा, फुप्फुस, हात कुणी राखायचे, यावर दीडशे वर्षं कायदे झाले, आणि त्या सगळ्यांत हाच प्रश्न वेगवेगळ्या भाषेत विचारलेला आहे.

लोहारसाळेत तो फारसा पडत नसे. ऐरण एक, भाता एक, ठिणगी उडाली तर घरच्याच माणसावर. घिसाड्यांच्या पालावर नवरा लोखंड धरतो आणि बायको घण मारते. तिथं धोकाही घरचा आणि धंदाही घरचा. धंद्यातले आजार मात्र फार जुने. इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरनं १७०० साली कारागिरांच्या आजारांवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्याही आधी, रोमन काळात, हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज, दळणारे लोक तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची सैल पिशवी बांधत, असं प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय. म्हणजे मास्क हा शोध दोन हजार वर्षांचा आणि तो न घालण्याची सबबही बहुधा तेवढीच जुनी.

बेळगावात यंत्रं आली ती किर्लोस्करांपासून, असं म्हणायची पद्धत आहे आणि ती फारशी चुकीची नाही. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणरावांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी जागा हवी झाली तेव्हा १९१० मध्ये कारखाना कुंडलजवळच्या माळावर गेला आणि तिथं किर्लोस्करवाडी झाली. कारखाना गेला, पण या भागातली ओतकामाची आणि यंत्रकामाची ओढ टिकली. पुढं उद्यमबाग, मच्छे, होनगा इथं फाउंड्र्या, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने उभे राहिले. एका मोठ्या कारखान्यामागं जॉबवर्क करणारे कितीतरी छोटे गाळे, असा हा पसारा. या लेखाचा संबंध त्या छोट्या गाळ्यांशी आहे, कारण मोठ्या कारखान्यात गॉगल कुणाचा हे ठरलेलं असतं.

कायद्यानं हे आधी डोकी मोजून ठरवलं. १८८१ चा पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट शंभर कामगारांच्या कारखान्यांना लागू होता आणि त्याचं मुख्य लक्ष गिरणीतल्या पोरांवर होतं. १८९१ मध्ये आकडा पन्नासवर आला, १९२२ मध्ये वीसवर. १९४८ चा कारखाने अधिनियम आला तेव्हा वीज वापरणाऱ्या जागेसाठी तो दहावर आणि न वापरणाऱ्यासाठी वीसवर थांबला. नऊ माणसांच्या गाळ्यात ग्राइंडरचं चाक फुटलं तर ते दहा माणसांच्या गाळ्यापेक्षा सौम्य फुटत नाही, पण रेघ कुठं तरी मारायला लागते आणि ती मारली गेली.

या १९४८ च्या कायद्यातलं ३५ वं कलम मला फार शहाणं वाटतं. तुकडे उडणारं किंवा डोळे दिपवणारं काम असेल तर राज्य सरकारला नियम करून पडदे किंवा योग्य गॉगल सक्तीचे करता येतील, असं ते सांगायचं. पण कुणासाठी? त्या कामावरच्या माणसासाठी आणि त्या कामाच्या अगदी जवळ असलेल्या माणसांसाठीही. ज्याचं काम नाही पण ज्याचा डोळा तिथं आहे, त्याला कायद्यानं तेव्हाच ओळखलं होतं. सामाईक शेडची सगळी गोम या "जवळ असलेल्या" माणसात आहे.

त्याच कायद्याचं ९३ वं कलम तर थेट आपल्या शेडबद्दल होतं. एका शेडचे भाग वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे कारखाने म्हणून भाड्यानं दिले, तर जागेच्या मालकाची जबाबदारी काय आणि भाडेकरूची काय, याची त्यात वाटणी होती. स्वच्छता आणि आरोग्याची बरीच कलमं मालकाकडं यायची, यंत्रांच्या कुंपणाचं कलम त्याच्या ताब्यातल्या गोष्टींपुरतं. डोळ्यांचं ३५ वं कलम मात्र मालकाच्या यादीतून वगळलेलं होतं. ते ज्याचं काम त्याच्याकडं. म्हणजे खिळ्यावरच्या गॉगलचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडायचं. पण त्या पुस्तकाला प्रत्येक भाडेकरू "कारखाना" असावा लागायचा आणि तीन-चार माणसांचे आमचे गाळे त्या शब्दात बसत नाहीत.

सीमाभागाची म्हणून एक वेगळी गुंतागुंत आहे. हा कायदा झाला तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. केंद्राचा कायदा तोच राहिला, नियम मात्र राज्याचे: इकडं १९६९ चे कर्नाटकाचे, तिकडं १९६३ चे महाराष्ट्राचे. वेंगुर्ले रस्त्यानं थोडं पुढं गेलं की शिनोळी लागते, चंदगड तालुक्यातली. तिथंही औद्योगिक वसाहत आहे. या महिन्यात उद्यमबागेत आणि पुढच्या महिन्यात शिनोळीला काम करणाऱ्या वेल्डरचे डोळे तेच असतात, त्यांच्यावरचे नियम मात्र दुसऱ्या सरकारचे.

भाषेबद्दल १९४८ चा कायदा फारसा भावनिक नव्हता, पण नेमका होता. कलम १०८ म्हणायचं की कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात. राज्याची भाषा कोणती, असं ते विचारत नसे, कामगाराला काय समजतं ते विचारायचं. येळ्ळूर, पिरनवाडी, मच्छे इथून येणारा फिटर मराठी वाचतो, शेजारचा मोल्डर कन्नड वाचतो, आणि हल्ली फेटलिंगला आलेल्या पोरांपैकी कुणी हिंदी, कुणी उडिया. पाटीवरून या भागात जे वाद झाले त्यांत ग्राइंडरशेजारच्या पाटीबद्दल कुणी भांडल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता साधनांकडं. बांधकामावरच्या टोपीचा जन्म पहिल्या महायुद्धातल्या शिपायाच्या शिरस्त्राणातून झाला. १९१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बुलार्ड कंपनीनं वाफवलेलं कॅनव्हास आणि सरस वापरून ती विकायला काढली आणि १९३३ ला सुरू झालेल्या गोल्डन गेट पुलावर ती सक्तीची झाली. आपल्या गाळ्यात मात्र वरून काही पडण्यापेक्षा समोरून उडण्याची भीती जास्त, म्हणून हेल्मेट तपासणीच्या दिवशी निघतं.

वेल्डिंगचं तसं नाही. आर्कच्या उजेडात अतिनील किरणं असतात आणि ती बुबुळाचा पृष्ठभाग भाजतात. गंमत अशी, की त्या वेळी काही कळत नाही. सहा-बारा तासांनी, ऐन मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाण्याच्या धारा लागतात. मग घरोघरचा उपाय म्हणजे कच्च्या बटाट्याच्या चकत्या. माझ्या लहानपणी लेथवर शिकणाऱ्या एका पोरावर ही रात्र आली होती. त्यानं वेल्डिंग केलंच नव्हतं, फक्त बघत उभा होता. वेल्डर दुसऱ्या दिवशी त्यालाच ओरडला, "तुझं काम नव्हतं तर तिकडं कशाला बघालास?" वेल्डरच्या हातात काळ्या काचेची शील्ड होती. पोरगा ३५ व्या कलमातला "जवळचा माणूस" होता आणि मध्ये एखादं गोणपाट टांगलं असतं तरी भागलं असतं. १९८१ पासून स्वीडनमधून आर्क पेटताच स्वतःहून काळी होणारी काच मिळू लागली. आता ती उद्यमबागेतही दिसते. पण तीसुद्धा घालणाऱ्याचेच डोळे राखते, बघणाऱ्याचे नाही.

फुप्फुसाचा हिशेब तर अजून उशिरा लागतो. फाउंड्रीच्या वाळूत सिलिका असते. साचा फोडताना आणि फेटलिंगला तिची इतकी बारीक धूळ उडते की ती डोळ्याला दिसत नाही. तोंडाला बांधलेला टॉवेल दिसणारी धूळ अडवतो आणि न दिसणारी आत सोडतो. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीनं फुप्फुसाला होणारा आजार, वर्षानुवर्षांनी उघडा पडतो. अनेकदा त्याला टीबी समजून औषधं चालू होतात. १९४८ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो होता आणि तपासणाऱ्या डॉक्टरनं तो मुख्य निरीक्षकाला कळवायचा असे. कणांसाठीच्या मास्कचं भारतीय मानक आहे आयएस ९४७३, गॉगलचं आयएस ५९८३. मास्क घेताना तो आकडा छापलाय का, एवढं बघितलं तरी टॉवेलपासून बरीच मजल होते.

साधनं नेहमी भलं करतात असंही नाही. भट्टीजवळ एके काळी अ‍ॅस्बेस्टॉसचे हातमोजे वापरत. हात वाचला, पण तंतू छातीत गेले. आणि लेथवर, ड्रिलवर हातमोजा घालणं म्हणजे हातच यंत्राला देणं. फिरतं जॉब मोज्याचं टोक पकडतं आणि पुढचं सांगवत नाही. चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर बसणारे हवेत, हे १९४८ च्या कायद्याच्या २२ व्या कलमात म्हणूनच आलं. मनगटातला दोरा, गळ्यातला टॉवेल, लांब बाह्या, सगळं त्याच धोक्यात मोडतं.

२०२० मध्ये "पीपीई किट" हा शब्द घराघरांत आला आणि त्याचा अर्थ पांढरा पोशाख असा पक्का झाला. गाळ्यात त्याचा एक फायदा झाला: मास्क घालणाऱ्याला कुणी हसेनासं झालं. त्याच वर्षी संसदेनं व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता मंजूर केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली आणि तिनं १९४८ च्या कायद्याची जागा घेतली. तिच्यात कारखान्याच्या व्याख्येतला आकडा पुन्हा वर गेला: विजेवर वीस, विजेशिवाय चाळीस. दहा माणसांच्या आस्थापनेवर मालकाची काही कर्तव्यं राहतात. शंभरवरून दहापर्यंत यायला सदुसष्ट वर्षं लागली होती.

खंडेनवमीला उद्यमबागेत यंत्रं बंद असतात. लेथ पुसून लख्ख होतो, ड्रिलला हळदकुंकू लागतं, प्रत्येक हत्याराला झेंडूचं फूल मिळतं. ग्राइंडरच्या गार्डलाही, म्हणजे चाकावरच्या संरक्षक झाकणालाही, लावलं असतं, पण मोठं चाक बसावं म्हणून ते कधीचं काढून ठेवलेलं असतं आणि कुठं ठेवलं ते तिघा भाडेकरूंपैकी कुणालाच आठवत नसतं.