जाळ्यातलं कासव मोजायचं कसं?

मालवणच्या समुद्रात ट्रॉलर जाळं ओढून वर घेतो, खोला म्हणजे जाळ्याच्या टोकाची पिशवी सोडतो आणि डेकवर कोळंबी, म्हाकूल, बांगड्यांचा ढीग पडतो. त्यात कधी समुद्री साप वळवळत असतो, कधी ऑलिव्ह रिडले कासव निपचित पडलेलं. साप काठीनं बाहेर भिरकावला जातो, कासवाला बरेच खलाशी हात जोडून सोडतात. बंदरावर उतरते ती फक्त विकायची मासळी. मासळी मोजणारी माणसं बसलेली असतात बंदरावर, आणि नको असलेले जीव तिथवर पोचतच नाहीत.

जागतिक आकडे डगमगतात ते यामुळेच. पकडून पुन्हा समुद्रात टाकलेल्या मासळीचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 1994 मध्ये वर्षाला 2.7 कोटी टन दिला, 2005 मध्ये 73 लाख टन, तर 2019 मध्ये 91 लाख टन. यात मासेमारी किती बदलली आणि मोजण्याची रीत किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. शिवाय टनांच्या हिशेबात कासव हरवूनच जातं. वजनानं ते नगण्य, पण मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात.

महाराष्ट्रानं डिसेंबर 2018 मध्ये एक साधी युक्ती केली. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर फोटो किंवा व्हिडिओ दाखवून 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क हे सगळे वन्यजीव कायद्यात येतात, त्यामुळे ‘आमच्या जाळ्यात आलं’ हे सांगायलाच आधी भीती वाटायची. आता तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, स्वतःच फोटो पाठवतो आणि कुठे, कधी, काय सापडतं याची नोंद आपसूक साठते. पण ही नोंद जिवंत सुटलेल्यांची. जाळ्यातच मेलेल्याचा फोटो कोण कशाला पाठवेल? त्यामुळे या फोटोंवरून मृत्यूंचा आकडा काढता येत नाही.

बरं, पोहत गेलेलं कासव तरी वाचलं का? स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की जाळ्यात सापडलेल्या कासवांच्या रक्तात वायूचे बुडबुडे होतात, खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांना होतात तसेच. खोल पाण्यातून जाळ्यासोबत झटकन वर आलं की रक्तात विरघळलेला नायट्रोजन सोडावॉटरसारखा फसफसतो. कासव हातपाय हलवत पाण्यात जातं आणि काही तासांनी मरू शकतं. उलटंही घडतं. निपचित पडलेलं कासव मेलेलंच असतं असं नाही. अमेरिकेतला नियम सांगतो, की मागची बाजू उंच करून, सावलीत, ओलं ठेवून 24 तासांपर्यंत वाट पाहा. फुप्फुसातलं पाणी निघून गेलं की ते शुद्धीवर येऊ शकतं.

त्यापेक्षा कासव खोल्यापर्यंत पोचूच दिलं नाही तर? जाळ्याच्या गळ्यात गजांची तिरकी जाळी बसवतात. कोळंबी गजांमधून खोल्यात जाते. कासव गजांवरून घसरत कडेच्या भोकापाशी येतं आणि वरचं झाकण ढकलून बाहेर पडतं. अमेरिकेत मान्यता मिळायला या साधनानं 97 टक्के कासवं सोडवावी लागतात. ते न वापरणाऱ्या देशांची समुद्रातली कोळंबी अमेरिका घेत नाही, आणि 2019 पासून भारताची समुद्रातली कोळंबीही त्यातच अडकली.

कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं आपल्या बोटींसाठी असं साधन बनवलं आहे. तरी तांडेल का-कू करतात, आणि मला ते आडमुठेपणाचं वाटत नाही. अमेरिकन ट्रॉलरला कोळंबी मिळाली की झालं. आपल्याकडे जाळ्याच्या त्याच ओढीत मोठी घोळ किंवा सुरमई आली तर डिझेलचा खर्च निघतो, आणि तीच त्या भोकातून जाण्याची भीती. पूर्वी फेकला जाणारा बारीक मासाही आता फिशमीलला, म्हणजे मासळीच्या भुकटीसाठी, जातो, म्हणजे ‘नको असलेलं’ असं फारसं उरतच नाही. तांडेलाची शंका प्रयोगशाळेतल्या आकड्यानं फिटणार नाही. त्याच्याच बोटीवर एक ओढ साधनासह, एक त्याशिवाय, असं हंगामभर करून दोन्ही ढीग त्याच्यासमोर तोलावे लागतील.