पिंजऱ्यावरची पाटी: कुत्र्याच्या जातीचा प्रश्न आला कुठून?

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना एक पत्र धाडलं. पिटबुल, रॉटवायलर, टोसा, केन कोर्सो अशा माणसांना धोकादायक मानलेल्या २३ जातींची विक्री आणि पैदास थांबवा, लोकांनी आधीच पाळलेल्यांची नसबंदी करा, असा त्याचा मजकूर. संकरित कुत्रीही त्यात धरली होती, आणि 'बॅनडॉग (राखणीचा थोराड संकरित कुत्रा) म्हणून ओळखला जाणारा प्रत्येक कुत्रा'सुद्धा. ओळखणार कोण, हे मात्र कुठेच नव्हतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच ते परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं, हे त्यामागचं एक कारण. पण अशा याद्यांचा उगम शोधायचा तर थेट राणी व्हिक्टोरियाच्या इंग्लंडमध्ये जावं लागतं.

कामानुसार कुत्री निवडून वाढवण्याची रीत फार जुनी आहे. कान किती लांब, शेपटी कशी वळलेली, रंग कोणता यांचे ठरीव नियम करून त्यांवर बक्षिसं वाटणं हा उद्योग मात्र अलीकडचा. न्यूकॅसलला १८५९ मध्ये श्वानप्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये लंडनचा केनेल क्लब निघाला आणि वंशावळीच्या नोंदवह्या सुरू झाल्या. त्याच सुमारास, १८६० मध्ये, मेरी टील्बी या बाईंनी लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या, उपाशी कुत्र्यांसाठी निवारा उघडला. वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. दोनच वर्षांनी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात एक लेख आला. त्यात जवळच इस्लिंग्टनला भरलेलं बक्षीसपात्र कुत्र्यांचं प्रदर्शन आणि हॉलोवेचा हा निवारा शेजारी शेजारी ठेवून दाखवले होते. एका ठिकाणी जात आणि किंमत, दुसऱ्या ठिकाणी नुसता कुत्रा. पुढे १८७१ मध्ये हा निवारा लंडनच्याच बॅटरसी भागात हलला आणि आजही बॅटरसी याच नावाने चालतो.

जातीच्या याच वेडाची दुसरी बाजू १९९१ मध्ये दिसली. कुत्र्यांच्या हल्ल्यांच्या बातम्यांनी ब्रिटन हादरलं होतं. सरकारने घाईघाईने कायदा केला आणि पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो या चौघांवर बंदी आणली. गोम अशी, की कायदा पिटबुल 'प्रकारचा' कुत्रा म्हणतो. आईबाप कोण, याला फारसं महत्त्व नाही. डोकं, छाती, पाय मापात बसले की झालं. असा कुत्रा विकणं, कुणाला नुसता देणं हासुद्धा गुन्हा. त्यामुळे निवाऱ्यात आलेला भटका कुत्रा मापात बसला, की तो कितीही गरीब स्वभावाचा असला तरी संस्था त्याला घर देऊ शकत नाही. त्याला मरणाचं इंजेक्शन देण्यावाचून मार्ग उरत नाही. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड आणि वेल्समध्ये एक्सएल बुली हा पिटबुलसारखाच थोराड कुत्रा या यादीत आला, तेव्हा पुन्हा टेप निघाली: नर खांद्यापाशी ५१ सेंटिमीटर, मादी ४८. एखाद्या सेंटिमीटरने स्वभाव कसा बदलतो, हे ज्याने यादी केली त्यालाच ठाऊक. नेदरलँड्सने पिटबुलवरची अशीच बंदी १५ वर्षं चालवून २००८ मध्ये मागे घेतली होती.

निवारेवाल्यांची दृष्टी बदलायला मात्र अमेरिकेतला एक खटला कारणीभूत ठरला. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनियात फुटबॉलपटू मायकेल व्हिकच्या जागेवर छापा पडला आणि झुंजींसाठी पाळलेले पन्नासच्या आसपास पिटबुल सापडले. अशा छाप्यातले कुत्रे सरसकट मारायचे, हा तिथला शिरस्ता. प्राण्यांसाठी झटणाऱ्या काही मोठ्या संस्थाही तेच म्हणत होत्या. या वेळी मात्र एकेक कुत्रा स्वतंत्रपणे तपासला गेला. अनोळखी माणूस जवळ आला की काय करतो, खाताना हात मध्ये आला तर गुरगुरतो का, दुसरा कुत्रा दिसल्यावर अंगावर जातो की शेपूट घालतो, लहान मुलाएवढ्या बाहुलीशी कसा वागतो. आक्रमकपणामुळे मारावा लागला तो एकच. बरेचसे पिंजऱ्यात अंग चोरून जमिनीला चिकटलेले. चावण्यापेक्षा घाबरण्यात पटाईत. त्यातले अवघड वाटलेले २२ युटातल्या बेस्ट फ्रेंड्स संस्थेकडे गेले. दोघांना कायम तिथेच ठेवायचा न्यायालयाचा हुकूम होता. इतरांपैकी अनेक पुढे घरांत रुळले. आधी सगळ्यांना मारा म्हणणाऱ्या ह्यूमेन सोसायटीनेही २००९ मध्ये धोरण बदललं.

मग निवाऱ्यात कुत्र्याच्या पिंजऱ्यावर जात लिहिलेली पाटी असते, तिच्याकडे लक्ष गेलं. 'पिटबुल मिक्स', 'लॅब मिक्स' हे लिहिणारा कर्मचारी बहुतेकदा अंदाजच बांधत असतो, आणि डीएनए तपासलं की तो अंदाज वरचेवर चुकतो. फ्लोरिडातल्या ऑरलँडो इथल्या सरकारी निवाऱ्याने २०१४ मध्ये पाट्यांवरून जात काढून टाकली. पिटबुल दिसणारे कुत्रे जास्त दत्तक गेले. गंमत म्हणजे इतरांचंही नुकसान झालं नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात १८ हजारांवर कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जीनोम (पूर्ण जनुकसंच) जुळवून पाहणारा अभ्यास आला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचा जेमतेम ९ टक्के भाग जातीने सांगता येतो, असं त्यात निघालं. जात म्हणजे शून्य, असा याचा अर्थ नव्हे. कळप राखण्याची, हाकेला ओ देण्याची ओढ काही अंशी रक्तात असते, आणि पन्नास किलोच्या कुत्र्याचा चावा पामेरियनच्या चाव्यासारखा नसतो. पण ती वजनाची गोष्ट झाली, आणि वजन पाटीवर लिहिता येतं.

म्हणूनच चांगल्या संस्था आता दत्तक घेणाऱ्यालाच जास्त प्रश्न विचारतात. घरी दिवसभर कोण असतं? लहान मुलं, म्हातारी माणसं, मांजर? घर भाड्याचं आहे का, मालकाला चालेल का? मग घर पाहायला कुणीतरी येतं, कुत्र्याशी दोन-तीन भेटी होतात, नसबंदी आणि लसीची कागदपत्रं होतात; नाही जमलं तर कुत्रा परत संस्थेकडेच आणायचा, ही अट असते.

आपल्याकडे याच प्रश्नाचं तोंड दुसरीकडे आहे. २००१ च्या नियमांपासून रस्त्यावरच्या कुत्र्याला नसबंदी करून मूळ जागी सोडायचं, अशी पद्धत पडली, त्यामुळे घर शोधलं जातं ते मुख्यतः पिल्लांसाठी, जखमींसाठी आणि मालकांनी टाकलेल्यांसाठी. मुंबई-पुण्यात टाकलेल्या लॅब्रडॉरचा फोटो ग्रुपवर पडला की फोन सुरू होतात. त्याच पोस्टमधल्या गावठी पिल्लांबद्दल विचारणारे थोडे, आणि त्यातही पहिला प्रश्न बऱ्याचदा ठरलेला: कशाशी क्रॉस आहे का?