जुन्या अमेरिकी पिकअपचे इग्निशन रूपांतर

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या पिकअप ट्रकमधील पॉइंटची (म्हणजे उघडझाप करणाऱ्या विद्युतसंपर्कांच्या जोडीची) प्रज्वलन व्यवस्था काढून तिच्या जागी बाजारात सुट्या मिळणाऱ्या भागांची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था बसवणे. शेव्हरोले सी-१०, फोर्ड एफ-१०० असे १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतचे ट्रक अमेरिकेत हौसेने जपले जातात आणि त्यांच्यावर होणाऱ्या फेरबदलांत हा बहुधा सर्वांत आधी होतो. भारतातील पिकअप मुख्यतः डिझेलवर चालत आले, आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. त्यामुळे पिकअपच्या संदर्भात हा विषय आपल्याकडे फारसा निघत नाही. पद्मिनी किंवा जुनी पेट्रोल जीप सांभाळणाऱ्यांना मात्र पॉइंट घासण्याची कटकट नवी नाही.

मूळ व्यवस्था डेल्को या अमेरिकी कंपनीच्या चार्ल्स केटरिंग यांची. १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक मोटारींवर आली आणि पुढे साठेक वर्षे जवळपास तशीच टिकली. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून, म्हणजे दाब वाढवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यातून, प्रवाह वाहतो. डिस्ट्रिब्युटरमधला (प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी पोचवणाऱ्या भागातला) फिरता कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, कॉइलमधले चुंबकक्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात काही हजार व्होल्टचा दाब उभा राहून प्लगवर ठिणगी पडते. पॉइंट जळू नयेत म्हणून त्यांच्यातून जेमतेम चार अँपिअरच्या आसपास प्रवाह जाऊ देतात, आणि त्यासाठी कॉइलच्या आधी रोधक किंवा रोधक तार घालतात. खरी मर्यादा वेळेची आहे. आठ सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर असताना सेकंदाला सुमारे २६७ ठिणग्या लागतात. म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला पावणेचार मिलिसेकंद येतात, आणि पॉइंट त्यातील साधारण अडीचच मिलिसेकंद मिटलेले असतात. तेवढ्यात कॉइल पुरती भरत नाही. शिवाय पॉइंटला टेकलेला फायबरचा ठोकळा झिजला की फट कमी होते आणि टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, सरकते.

यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पॉइंट व त्यांच्या जोडीचा कंडेन्सर (कपॅसिटर) काढून त्या जागी लहान सेन्सर बसवणे. पर्ट्रॉनिक्स कंपनीचा ‘इग्नायटर’ या जातीचा. कॅमवर चुंबकांची कडी चढते, बाजूला चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसतो, दोन तारा कॉइलकडे जातात आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी मूळचीच राहते, म्हणून ट्रकचे जुने रूप जपणाऱ्यांना तो आवडतो. मात्र या मूळ प्रकारात इंजिन बंद असताना चावी बराच वेळ चालू राहिली तर मॉड्यूल (सेन्सरचे इलेक्ट्रॉनिक युनिट) जळू शकते.

शेव्हरोलेवाल्यांची पसंती जनरल मोटर्सच्या ‘एचईआय’ला (हाय एनर्जी इग्निशन) असते. १९७५ पासून धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन ते तापते, म्हणून जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांना ही जोरदार व्यवस्था सरसकट दिली. कॉइल टोपीतच असल्याने तिचा डिस्ट्रिब्युटर चांगलाच थोराड दिसतो. जुन्या इंजिनात तो थेट बसतो, पण नंतरच्या संगणक-नियंत्रित गाडीचा डिस्ट्रिब्युटर कार्बोरेटरच्या ट्रकवर तसाच चालत नाही, कारण त्यात व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (इंजिनातील निर्वातानुसार ठिणगी आधी पाडणारी सोय) नसतो. मॉड्यूलखाली उष्णतावाहक पेस्ट लावायला विसरू नये. ती नसेल तर मॉड्यूल तापून लवकर जाते.

तिसरा मार्ग कपॅसिटरचा. आपल्याकडे दुचाकीमुळे घराघरात पोचलेल्या ‘सीडीआय’चे (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) तत्त्व इथेही तेच आहे. एमएसडी कंपनीची ६ए ही इलेक्ट्रॉनिक पेटी कपॅसिटर काहीशे व्होल्टपर्यंत भरून तो क्षणार्धात कॉइलमध्ये रिता करते. अशी ठिणगी जोरदार, पण फार थोडा वेळ टिकणारी. म्हणून सुमारे ३,००० फेऱ्यांच्या खाली ती एकाऐवजी लागोपाठ अनेक ठिणग्या देते. अशा पेटीबरोबर नुसत्या धातूच्या गाभ्याच्या प्लगतारा वापरल्या तर रेडिओ खरखरतोच, पेटीच्या कामातही व्यत्यय येतो. त्यासाठी सर्पिल वेटोळ्याच्या तारा घ्याव्या लागतात.

भाग कोणताही असो, काम बहुतेक वेळा बिघडते ते वायरिंगमध्ये. एचईआयला पूर्ण बारा व्होल्ट हवे असतात, तर सी-१० मध्ये कॉइलकडे येणारी तार मुळातच रोधक असते. ती तशीच ठेवून नवा डिस्ट्रिब्युटर जोडला तर ट्रक चालतो, पण ठिणगी मरतुकडी येते आणि दोष नव्या भागाला मिळतो. चावीवर चालणारी जाड तार स्वतंत्र ओढणे किंवा रिले घालणे, आणि इंजिन व बॉडीचे अर्थिंग स्वच्छ करणे, हे काम डिस्ट्रिब्युटर बसवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. शेवटी टायमिंग लाइटने टायमिंग पुन्हा लावावेच लागते.

नव्या भागांच्या खोक्यावर छापलेल्या ‘५०,००० व्होल्ट’ला फारसा अर्थ नाही. प्लगची फट ओलांडण्यापुरताच दाब चढतो, उरलेली क्षमता राखीव राहते. तिचा उपयोग फट वाढवायला होतो: पॉइंटच्या काळातील सुमारे ०.९ मिमीची फट एचईआयवर १.१ मिमी ठेवता येते. जनरल मोटर्सने सुरुवातीला १.५ मिमी सांगितली होती, नंतर ती कमी केली. धडधाकट पॉइंट असलेल्या साध्या इंजिनाची ताकद या रूपांतराने जाणवण्याइतकी वाढत नाही. थंडीत पटकन सुरू होणे, संथ गतीतला गुळगुळीतपणा आणि दर काही हजार किलोमीटरला पॉइंट लावण्यातून सुटका, हाच खरा लाभ.

कॅलिफोर्नियात प्रदूषणाशी संबंधित अशा भागांना राज्याच्या हवा मंडळाची मंजुरी लागते. १९७५ व त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना तिथल्या धूरतपासणीतून सूट आहे. नंतरच्या ट्रकना मात्र हे रूपांतर लागू होत नाही. १९९७ पासून फोर्ड एफ-१५० मध्ये ५.४ लिटरचे जे इंजिन आले, त्यात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असून डिस्ट्रिब्युटर नाहीच. तिथे ‘सुधारणा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या कॉइलींपेक्षा चांगल्या दर्जाच्या मूळ कॉइली आणि वेळेवर बदललेले प्लग अधिक उपयोगी पडतात.