साम्राज्यविस्तार आणि राजकीय संस्था

एखादे राज्य दुसऱ्याचा मुलूख का घेते, याचे उत्तर बहुधा संपत्ती, भीती किंवा कीर्तीची हाव यांत शोधले जाते. या प्रेरणा जवळपास सगळीकडेच असतात. त्यांतली कोणाची प्रेरणा राज्याचे धोरण बनते, हे मात्र पदाची मुदत, सेनेवरचा ताबा, वारसाहक्क आणि युद्धखर्चाचा भार यांवरून ठरते.

प्राचीन रोम हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. प्रजासत्ताकात कॉन्सलची, म्हणजे सर्वोच्च निर्वाचित अधिकाऱ्याची, मुदत एका वर्षाची. तेवढ्यात नाव कमवायचे, वर निवडणुकीतले कर्ज फेडायचे, तर युद्धासारखा मार्ग नव्हता. जिंकून आलेल्या सेनापतीला सिनेट विजययात्रेचा मान देई: चेहऱ्याला लाल रंग, चार घोड्यांचा रथ, पुढे कैदी. कर्जबाजारी ज्यूलियस सीझरने इ. स. पू. ५८ पासून गॉल (मुख्यतः आजचा फ्रान्स) जिंकायला घेतला, त्यात हा हिशेब होताच. सम्राटपद आले आणि हिशेब उलटला. यशस्वी सेनापती म्हणजे गादीला धोका; विजययात्रा सम्राटाच्या घराण्यापुरती उरली. इ. स. ४७ मध्ये कॉर्ब्युलो हा सेनापती ऱ्हाइन नदीपलीकडे तळ उभारत असतानाच सम्राट क्लॉडियसचा माघारीचा हुकूम आला. पूर्वीचे सेनापती भाग्यवान, एवढेच कॉर्ब्युलो म्हणाला आणि रिकाम्या सैनिकांना त्याने कालवा खणायला लावले. गंमत अशी, की चारच वर्षांपूर्वी खुद्द क्लॉडियसने ब्रिटनवर फौज धाडली होती. सैनिकांनी गादीवर बसवलेल्या या सम्राटाला स्वतःच्या नावावर एक विजय हवा होता. त्यासाठी तो तिथे १६ दिवस राहून आला.

ब्रिटिश पार्लमेंटने १७८४ च्या कायद्यात हिंदुस्थानातील मुलूखगिरी राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध व अप्रतिष्ठेची ठरवली. पण बचावाच्या युद्धाला त्यात मुभा होती आणि लंडनहून पत्राचे उत्तर यायला कित्येक महिने लागत. गव्हर्नर जनरल वेलस्लीने (१७९८–१८०५) ही फट पुरेपूर वापरली. तैनाती फौजेचा खर्च संस्थानिकावरच टाकायचा आणि त्यापोटी प्रांत लिहून घ्यायचा. १८०१ मध्ये अवधचा सुमारे निम्मा मुलूख असाच गेला.

दक्षिण अमेरिकेतील इंका राज्यात मृत राजाची मालमत्ता त्याच्या कुळाकडेच राही, म्हणून नव्या राजाला नवा मुलूख जिंकावा लागे, असेही मत मांडले गेले आहे. ते सर्वमान्य नाही.

जपानच्या १८८९ च्या संविधानात सेनेचे आधिपत्य थेट सम्राटाकडे होते, मंत्रिमंडळाकडे नव्हते. सप्टेंबर १९३१ मध्ये मुकडेनजवळ स्वतःच रेल्वेमार्गावर स्फोट घडवून क्वांटुंग सेनेच्या, म्हणजे तिथल्या जपानी फौजेच्या, अधिकाऱ्यांनी मांचुरियात (ईशान्य चीन) युद्ध सुरू केले. कोरियातली जपानी फौजही हुकमाविना सीमा ओलांडून आली. मंत्रिमंडळाने तिचा खर्च मागाहून मंजूर केला.