३८३ घनइंचांचे इंजिन आणि त्यामागचे गणित

फोर्ड कंपनीने १९३२ साली सर्वसामान्यांच्या खिशाला परवडेल अशा मोटारीत ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे) बसवले, आणि एवढ्यावर समाधान न मानणाऱ्या दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी मडगार्ड काढून, इंजिनात फेरफार करून अशा गाड्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर पळवायला सुरुवात केली. ‘हॉट रॉड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या छंदाला १९५५ मध्ये शेव्हरोलेचे आटोपशीर व्ही-८ इंजिन मिळाले, आणि जुन्या फोर्डच्या बॉनेटखाली शेव्हरोलेचे इंजिन ही विजोड वाटणारी जोडी हौशी लोकांच्या गॅरेजांत नित्याची झाली. या घराण्यातील इंजिनांपासून घरी बांधले जाणारे सर्वांत लोकप्रिय इंजिन ३८३ घनइंचांचे, म्हणजे आठही सिलिंडरांचे मिळून तेवढ्या आकारमानाचे, असते.

जास्त शक्ती हवी असेल तर जास्त पेट्रोल जाळले पाहिजे, हे खरे. पण पेट्रोल हवे तेवढे ओतता येते, अडते ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, म्हणून इंजिनाची शक्ती वाढवण्याचा प्रश्न मुळात दर मिनिटाला किती हवा आत घेता येईल याचा असतो. शेव्हरोलेच्या ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरच्या इंजिनाचा सिलिंडर ४ इंच व्यासाचा आणि पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली सरकण्याचे अंतर, ३.४८ इंच असतो. सिलिंडर ०.०३० इंचाने बोअर करायचा, म्हणजे आतून कोरून रुंद करायचा, आणि त्याच कंपनीच्या ४०० घनइंची इंजिनाचा ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा दांडा), त्याचे मुख्य जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) लेथवर २.६५ वरून २.४५ इंचांपर्यंत उतरवून, ३५० च्या ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेल्या मुख्य सांगाड्यात) बसवायचा, ही मूळची कृती. आता तयार क्रँकशाफ्टही मिळतात. प्रत्येक सिलिंडरचे आकारमान सुमारे ७८४ घनसेंटिमीटर आणि आठांचे मिळून ६.२७ लिटर होते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगात असे इंजिन, सिलिंडर प्रत्येक वेळी पूर्ण भरतात असे धरल्यास, दर सेकंदाला सुमारे ३१३ लिटर हवा ओढते.

स्ट्रोक वाढवताच बाकीची गणिते बदलतात. क्रँक आता पिस्टनला ३.४ मिलिमीटर अधिक वर नेतो, म्हणून पिस्टनपिनचे भोक तेवढेच वर सरकवलेले पिस्टन घ्यावे लागतात. फिरताना, पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा मोठा भाग ब्लॉकच्या कडेला आणि वर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला घासू शकतो, तेव्हा ब्लॉक ग्राइंडरने खरवडून सुमारे दीड मिलिमीटर मोकळी जागा करावी लागते. कॉम्प्रेशनचा, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते याचा, बदल मात्र डोळ्यांना दिसत नाही. पिस्टन सर्वांत वर असताना उरणारी जागा दोन्ही इंजिनांत ८५ घनसेंटिमीटर धरली, तर मूळ ३५० मध्ये कॉम्प्रेशनचे प्रमाण सुमारे ९.४ येते आणि ३८३ मध्ये तेच १०.२ होते. प्रमाण वाढले की उष्णतेचे कामात होणारे रूपांतर सुधारते. पण फार वाढले तर ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचण्याआधीच कडेचे मिश्रण स्वतःहून पेटते, आणि हे नॉकिंग पिस्टन फोडू शकते. म्हणून दक्ष कारागीर हेडवर (सिलिंडरांच्या वरच्या झाकणावर) पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी दाबून बसवतो आणि ब्युरेटमधून (मोजखुणांच्या काचनळीतून) रंगीत द्रव सोडून ज्वलनकक्षाचे आकारमान मोजतो. हेड विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर तो विसंबत नाही, आणि ते योग्यच आहे.

आतल्या भागांवर येणारा ताण थक्क करणारा असतो. ६,००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटर असतो, परंतु वरच्या टोकाला तो क्षणभर थांबून उलटा फिरतो, आणि त्या क्षणीचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे २,५०० पट भरते. पिस्टन, रिंगा, पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून पाऊण किलो धरला, तर रॉडच्या दोन बोल्टना जवळजवळ १,९०० किलो वजनाइतकी ओढ, तीही सेकंदाला अनेक वेळा येणारी, सोसावी लागते. बोल्ट पुरेसा ताणून कसला असेल तरच तो ही ओढ सहन करतो. किती पीळ दिला ते दाखवणारा टॉर्क पाना इथे फसवा ठरतो, कारण लावलेल्या जोराचा सुमारे ९० टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्च होतो. म्हणूनच बोल्टची लांबी किती वाढली हे मोजून तो कसण्याची पद्धत अधिक भरवशाची आहे.

मुख्य बेअरिंग आणि जर्नल यांच्यातली फट साधारण ०.०६ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढी ठेवतात. एवढ्या फटीतल्या तेलाच्या पातळ थरावर फिरता क्रँकशाफ्ट तरंगतो. फट कमी पडली तर तेलाला वाव राहत नाही, जास्त झाली तर दाब टिकत नाही.

कॅमशाफ्टच्या निवडीत हौशी माणूस हमखास वाहवत जातो. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम वरच्या फेऱ्यांना अधिक हवा भरतो खरा, पण इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहिल्याने कमी फेऱ्यांना जळालेला वायू परत मिश्रणात मिसळतो आणि इंजिन अडखळत चालते. त्या अडखळत्या आवाजाचे अनेकांना वेड असते. रस्त्यावर चालवायच्या गाडीत मात्र तो बहुतेकदा कानांचा शौक ठरतो.

समजा, हे इंजिन ५,५०० फेऱ्यांना ५४० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देत आहे. तर त्याची शक्ती ३११ किलोवॅट, म्हणजे सुमारे ४१७ अश्वशक्ती येते. ६५ अश्वशक्तीसाठी बनलेल्या चॅसिसला ती कशी पेलणार? पहिल्या गिअरमध्ये हा टॉर्क तिपटीच्या आसपास वाढतो आणि त्याची प्रतिक्रिया चॅसिसला पिळते. १९३२ च्या फोर्डचे लांब बीम एका बाजूने उघडे असतात, आणि उघडी पन्हळ पिळाला फार कमी विरोध करते. तिच्या उघड्या बाजूवर पत्रा वेल्ड करून बंद पेटी केली की थोड्याशा वजनाच्या मोबदल्यात तिचा ताठपणा कित्येक पटींनी वाढतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स कोणत्या कोनात बसवले, यावरही बरेच अवलंबून असते. युनिव्हर्सल जॉइंट (कोनात असलेले दोन शाफ्ट जोडणारा सांधा) कोनात फिरताना पुढच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. ३ अंशांना हा चढउतार ०.१४ टक्के असतो, १० अंशांना दीड टक्का. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले तर एका जॉइंटची चूक दुसरा भरून काढतो, नाहीतर संपूर्ण गाडी थरथरते.

रेडिएटरकडे जाणारी उष्णता ढोबळमानाने चाकांकडे जाणाऱ्या शक्तीइतकीच असते, त्यामुळे जुनी अरुंद जाळी पुरत नाही. ब्रेकची अडचण याहून गंभीर आहे, कारण वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि १९३२ च्या फोर्डचे ब्रेक दांड्यांनी ओढले जात. फोर्डने १९३९ मध्ये हायड्रॉलिक ब्रेक आणल्यावर हॉट रॉडवाल्यांनी तेच काढून जुन्या गाड्यांना लावले. आज त्यांच्या जागी पुढच्या चाकांना डिस्क बसवतात.